बापाकडून दोघी लेकींना

शाळेचा फोन आला तेव्हा वर्षाली चाकणच्या कंपनीत एका तुटलेल्या ब्रॅकेटकडे भिंगातून बघत होती. गिऱ्हाइकाने परत पाठवलेला पार्ट का तुटला, चूक धातूत होती की वेल्डिंगमध्ये, हे शोधून काढणं तिचं काम. लग्नाआधीपासून ती तेच करत आली होती आणि त्यात तिचा हात धरणारं तिच्या खात्यात कोणी नव्हतं.

“गणराज मिसला चावलाय,” पलीकडून बाई म्हणाल्या. “तुम्ही आत्ताच्या आत्ता या.”

आत्ताच्या आत्ता म्हणजे चाकणहून पिंपळे सौदागर. तळेगाव चौकात कंटेनर आडवा झालेला, मोशीला रस्ता खणून ठेवलेला. ती पोचली तेव्हा शाळा सुटून गेली होती. तिचा सात वर्षांचा गणराज मुख्याध्यापिकांच्या खोलीत टेबलाखाली बसून दोन्ही हात पाखरासारखे फडफडवत होता.

झालं होतं ते एवढंच. स्नेहसंमेलन जवळ आलेलं, शेजारच्या हॉलमध्ये ढोल-ताशाची तालीम सुरू झाली. गणराज कानांवर हात दाबून वर्गाबाहेर पळाला. मिसने दंडाला धरून त्याला आत ओढलं आणि त्याने तिच्या मनगटाला चावा घेतला.

“त्याला मोठा आवाज सोसत नाही, हे मी जूनमध्येच सांगितलं होतं,” वर्षाली म्हणाली.

“वर्गात चाळीस मुलं आहेत मॅडम. बाकीच्यांना ढोल आवडतो.” मुख्याध्यापिकांनी चष्मा काढून पदराने पुसला. “राग मानू नका, पण घरी शिस्त कमी पडतेय का? तुम्ही दोघंही दिवसभर बाहेर. मूल असं वागतं त्याला काहीतरी कारण असणारच ना?”

कारण असणार, हे वर्षालीला कोणी शिकवायची गरज नव्हती. गेली कित्येक वर्षं ती तेच तर दारोदार विचारत फिरत होती.

गणराज तीन वर्षांचा होऊनही बोलेना, तेव्हापासून ज्याने त्याने आपापलं कारण तिच्या पदरात टाकलं होतं. पहिल्या डॉक्टरांनी, मुलगे उशिराच बोलतात, म्हणून परत पाठवलं. दुसऱ्यांनी स्वमग्नता लिहून दिली, बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे धाडलं आणि ‘पण कशामुळे?’ असं विचारल्यावर, ते सोडा, पुढचं बघा, म्हणाले. सोसायटीतल्या एकीने गहू बंद करायला सांगितला, दुसरीने साखर. तिचा नवरा निरंजन हिंजवडीतल्या कंपनीत होता. तो ‘मीपण लहानपणी हट्टीच होतो म्हणे’ एवढं बोलून पुन्हा लॅपटॉपमध्ये तोंड घाली. आणि सासूबाई, शालनबाई, मूळच्या लातूरकडच्या. त्यांच्याकडे कारणांचा तोटा नव्हता.

“पोटुशी असताना तू त्या मशिनीपाशी उभी राहायलीस,” त्या म्हणत. “आन् आता लेकराच्या हातात मोबाइल द्यायलीस. मग लेकरू बिघडणार नाही तर काय होणार?”

यातलं कोणीच गणराजकडे नीट बघत नव्हतं, असं वर्षालीला वाटे. पाहुणा आला की तो हात पुढे करायचा, पण मान पार भिंतीकडे वळवून. डोळ्याला डोळा द्यायचा नाही. आणि पाहुणा निघाला की त्याच्यामागे लिफ्टपर्यंत जाऊन त्याच्या चालण्या-बोलण्याची अशी हुबेहूब नक्कल करायचा की वर्षालीची हसता हसता पुरेवाट होई. हे मूल बिघडलेलं नव्हतं. पण मग होतं काय?

त्या दिवशी शाळेतून घरी येताना तिने ठरवलं, आता शेवटचं. कंपनीतल्या मैत्रिणीने सांगितलेल्या एका मेंदूविकारतज्ज्ञांकडे ती निरंजनसह गणराजला घेऊन गेली. डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी आधी औषध लिहिलं नाही की सल्ला दिला नाही. गणराजचे मोठे कान बघितले, लांबट चेहरा बघितला, त्याची बोटं मागे वळवून बघितली. ती सहज मागे वळत होती.

“तुमच्या माहेरी असं कुणी मूल होतं का? उशिरा बोललेलं, शिकण्यात मागे पडलेलं?”

“नाही.”

“वयस्कर माणसांपैकी कुणाचे हात थरथरतात? चालताना तोल जातो?”

“वडिलांचे थरथरतात. पण ते… पितात.” नवऱ्यादेखत हे बोलताना तिची मान खाली गेली.

डॉक्टरांनी काहीतरी टिपून घेतलं आणि गणराजचं रक्त एका खास तपासणीसाठी पाठवलं.

त्या तपासणीचा निकाल सांगायला त्यांना इंद्रायणी मॅडमकडे बसवलं. आजार आनुवंशिक निघाला की तो घरच्यांना समजेल अशा भाषेत उलगडून सांगायचा, हे या मॅडमचं काम.

“आजाराचं नाव फ्रॅजाइल एक्स,” त्या म्हणाल्या. “आपलं शरीर कसं घडवायचं याच्या कृती पेशीपेशीत लिहिलेल्या असतात. अशा एकेका कृतीला जनुक म्हणतात. मेंदू वाढताना त्याला एक प्रथिन लागतं, त्याचं जनुक एक्स नावाच्या गुणसूत्रावर असतं. त्या जनुकाच्या सुरुवातीला तीनच अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. बहुतेक लोकांत तीसेक वेळा. गणराजमध्ये ती पाचशेहून जास्त वेळा आली आहेत. दोनशेच्या पुढे गेलं की जनुक बंदच पडतं, ते प्रथिन तयार होत नाही.”

“म्हणजे तो चावला ते…”

“आवाज, गर्दी, स्पर्श, हे सगळं त्याच्या डोक्यात एकदम घुसतं. आपल्याला नको ते गाळून टाकता येतं, त्याला येत नाही. जीव घाबरा झाला, बोलता आलं नाही, म्हणून चावला. यावर जनुक दुरुस्त करणारं औषध आज नाही. पण सगळं जनुकच ठरवतं असंही समजू नका. शांत वर्ग मिळाला, समजून घेणाऱ्या बाई मिळाल्या तर हाच मुलगा पुष्कळ शिकेल.”

“मोबाइलमुळे नाही?” वर्षालीने विचारलं.

“नाही.”

“मी नोकरी करते म्हणून?”

“अहो, नाही.”

वर्षालीने डोळे मिटले. इतक्या वर्षांचं ओझं उतरल्यासारखं तिला वाटलं, पण ते पुरतं उतरायच्या आत निरंजन बोलला.

“हे येतं कुणाकडून मॅडम?”

“मुलाला एक्स आईकडूनच मिळतो. वडिलांकडून वाय.”

निरंजनने सुस्कारा टाकला. “म्हणजे आमच्याकडून नाही.”

तो हळूच बोलला होता, पण खोली लहान होती. वर्षालीने वळून त्याच्याकडे बघितलं, तसा तो गडबडला. “तसं नाही गं, मी आपलं सहज…” पण जे सुटायचं ते तोंडातून सुटलं होतं.

मग वर्षालीचं रक्त तपासलं. तिच्यात ती अक्षरं नव्वदच्या आसपास निघाली. जनुक चालू, पण लांबलेलं. “तुम्ही वाहक आहात,” इंद्रायणी मॅडम म्हणाल्या. “आईकडून मुलात जाताना ही लांबी वाढत जाते. बापाकडून लेकीत जाताना मात्र बहुधा तेवढीच राहते. आता मला सांगा, वडिलांचे हात कधीपासून थरथरतात?”

“बरीच वर्षं. ते प्यायचे ना.”

“प्यायचे? म्हणजे आता पीत नाहीत?”

आप्पांनी, म्हणजे वर्षालीच्या वडिलांनी, मारुतरावांनी, तुळशीची माळ घातली तेव्हा धाकट्या बहिणीचं, अपेक्षाचं, लग्नही झालेलं नव्हतं. त्यानंतर माहेरी गेली की ती पाया पडायला वाकताना नकळत नाकाने वास घ्यायची. वास कधीच आला नव्हता. ‘वास येत न्हाई असली काहीतरी पितात,’ असं तिचा भाऊ जयदीप म्हणे आणि साऱ्या घराने ते मानलं होतं. तिनेही.

आप्पा एके काळी घाटात, म्हणजे बैलगाडे पळवायच्या धावपट्टीवर, घड्याळ धरायचे. बैलगाडा शर्यतीत गाडा सुटला की घड्याळ दाबायचं आणि निशाणाला पोचला की थांबवायचं. पंचक्रोशीत त्यांच्या अंगठ्यावर कुणी शंका घेत नसे. शर्यतींवरची बंदी उठून पहिली जत्रा भरली तेव्हा भर गर्दीत त्यांचा हात थरथरला, वेळ चुकली आणि कुणीतरी ओरडलं, “आप्पा, आज सकाळीच का?” अख्खा घाट हसला होता. घड्याळ त्यांच्या हातातून काढून घेतलं होतं.

“वाहक पुरुषांपैकी सगळ्यांना नाही, पण बऱ्याच जणांना उतारवयात हा कंप सुरू होतो,” मॅडम सांगत होत्या. “तोल जातो, विसरायला होतं, स्वभाव चिडका होतो. वडिलांची तपासणी करायला हवी. आणि ते वाहक असतील तर त्यांच्या प्रत्येक मुलीकडे हे गेलेलंच असणार, कारण त्यांच्याकडे द्यायला एकच एक्स आहे. मुलग्यांना ते वाय देतात, त्यामुळे तिकडे जात नाही. तुम्हाला बहीण आहे?”

“आहे. धाकटी.”

“मुलं?”

“नाहीत. पाळी फार मागेपुढे होते, दोन वर्षं इलाज चालू आहेत. आता आयव्हीएफ करणार आहेत.”

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. “पाळीच्या तक्रारीचाही याच्याशी संबंध असू शकतो. तिला लवकर सांगा. इलाजाच्या आधी कळलं तर तिच्यासमोर वाटा आहेत. नंतर कळलं तर नाहीत.”

घरी शालनबाई दारातच उभ्या होत्या. निरंजनने त्यांना काय सांगितलं कोण जाणे, पण मोबाइल आणि मशीन दोन्ही कारणं त्या विसरून गेल्या होत्या.

“मला वाटलंच होतं. आमच्या सात पिढ्यांत असलं लेकरू झालं नाही.”

“आई, हे कुणाच्या हातात नसतं,” वर्षाली म्हणाली.

“हातात नसंल माय. पण आलं तर तुमच्याकडूनच की.”

संध्याकाळच्या आत ते वाक्य फोनवरून लातूरला पोचलंही.

रविवारी ती एकटीच महाळुंग्याला गेली. माहेरच्या शेताच्या जागी आता एका कारखान्याची भिंत होती आणि घराच्या मागे कामगारांना भाड्याने दिलेल्या खोल्यांची दुमजली चाळ. आप्पा ओट्यावर बसले होते. तिची आई छबूबाई त्यांना चहा द्यायची तो अर्धाच कप भरून, म्हणजे सांडायला नको. वर्षालीने आप्पा, आई आणि जयदीप अशा तिघांना समोर बसवलं आणि गाडीत घोकत आणलेलं सगळं सांगितलं. सोपं करून सांगितलं, कागदावर रेघा मारून सांगितलं.

जयदीप कंपन्यांना कामगारांच्या बसगाड्या पुरवायचा. त्याने फोन खिशात टाकला. “हे बघ वर्षे, घराण्याच्या रक्तात रोग हाय असं गावात कळलं, तर उद्या माझ्या पोरीला कोन पत्करील?”

“दादा, तुझ्या मुलीला काहीच होणार नाही. आप्पांनी तुला वाय दिला. तुझ्याकडे हे आलेलंच नाही.”

“न्हाई ना आलं? मग झालं तर. इषय संपला.”

“अरे, माझ्याकडे आलंय! अपेक्षाकडे आलं असणार!”

“हळू बोल. मागं भाडेकरू हायेत.”

वर्षालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने आईकडे वळून बघितलं. छबूबाईने पदर तोंडाला लावला होता.

“अपेक्षीला यातलं काही सांगू नको,” ती म्हणाली. “तिची सासू आधीच टोचून खाती तिला. ह्ये कळलं तर घराबाहेर काढतील.”

“आणि उद्या बाळ झाल्यावर कळलं तर?”

“देव हाय.”

“गणराजच्या वेळीही होताच ना गं देव?”

ज्यांच्याबद्दल हे सगळं चाललं होतं त्या आप्पांना कोणी काही विचारलंही नव्हतं. त्यांनी कप खाली ठेवायचा प्रयत्न केला. बशी खडखडली, उरलेला चहा धोतरावर सांडला.

“बघ,” जयदीप म्हणाला. “सकाळीच लावलेली दिसती.”

“न्हाई लावली,” आप्पा म्हणाले. गळ्यातल्या माळेला हात लावायला गेले तर तोही हात हेलकावे खात गेला. “आन हाय. न्हाई लावली.”

जयदीप उठून गेला होता. छबूबाई फडकं आणायला वळली होती. आप्पांचं बोलणं ऐकायला समोर एकटी वर्षाली होती आणि तिला त्यांच्या डोळ्यांत बघवेना.

तिथून ती तडक मारुंजीला गेली. अपेक्षा तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान. तिचा नवरा ज्ञानेश चांगला होता, पण घर सासूच्या धाकात. दोघी बहिणी वर गच्चीत गेल्या. खाली रस्त्यावर आयटीवाल्यांच्या गाड्यांची रांग लागलेली. वर्षालीने पुन्हा सगळं सांगितलं. या वेळी रेघा मारायला कागदही नव्हता.

अपेक्षाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “पुढच्या महिन्यात माझं सुरू होतंय, हे तुला माहीत होतं ना ताई?”

“म्हणून तर आले. तू वाहक असलीस तर निम्मी शक्यता असते की बाळालाही…”

“निम्मी! पाव! मी काय तुझ्या कंपनीतला पार्ट आहे? खराब निघाला म्हणून परत पाठवणार मला?”

“अगं, वाटा आहेत. गर्भ आधी तपासून…”

“तुझ्या घरात सगळे तुला बोलतात, म्हणून तुला सोबतीला कुणीतरी हवंय. खरं सांग.”

वाईट हे की त्यात कणभर खरं होतं. सगळं खापर एकटीच्या डोक्यावर फुटत असताना, आपल्यासारखी आणखी एक आहे, हा विचार तिच्या मनाला एकदा शिवून गेला होता. पण ती आली होती ती त्यासाठी नव्हे. हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

“खाली जा तू,” अपेक्षा म्हणाली. “सासूबाईंना चहा नको म्हणून सांग आणि जा.”

त्यानंतर अपेक्षाने फोन उचलायचंच बंद केलं. दुसऱ्या दिवशी छबूबाईचा मात्र आला, रडत आणि शिव्या घालत. सांगू नको म्हनलं व्हतं ना? त्याच आठवड्यात शाळेने गणराजचा दाखला घेऊन जायला सांगितलं. वर्षाली नव्या शाळांचे उंबरे झिजवू लागली. आता तिच्याकडे आजाराचं नाव होतं, कारण होतं, तज्ज्ञांचं पत्र होतं. त्याचा उपयोग एवढाच झाला की पूर्वी शाळा प्रवेश देऊन मग काढून टाकायच्या, आता पत्र वाचूनच ‘आमच्याकडे तशी सोय नाही’ म्हणू लागल्या. कंपनीत बिघाडाचं मूळ सापडलं की काम निम्मं संपायचं. इथे मूळ सापडलं आणि उलट सगळ्या बाजूंनी दारं बंद झाली. एकदा निरंजनने सहज विचारलं, “अजून एखाद्या डॉक्टरांचं मत घ्यायचं का?” तर तिने हातातला डबा ओट्यावर असा आपटला की गणराज कान झाकून पलंगाखाली गेला. मग तीच खाली वाकून त्याला ‘चुकलं माझं, चुकलं’ म्हणत बसली.

आणि एक दिवस आप्पांचा फोन आला. फोनची बटणं दाबणं त्यांना जमत नसे. एका भाडेकरू बाईकडून त्यांनी नंबर लावून घेतला होता.

“वर्षे, ते रक्ताचं काय म्हनत व्हतीस? माझं घ्यायचं का?”

“तुम्हाला समजलं होतं आप्पा?”

“निम्मं समजलं. दारूनं न्हाई झालं, असं त्यात निघंल का?”

“निघू शकतं.”

“मग घ्या.”

जयदीपने गाडी द्यायला नकार दिला, तेव्हा तीच जाऊन त्यांना घेऊन आली. डॉक्टरांनी आप्पांना एका रेषेवर पाऊल जोडून चालायला लावलं. ते दुसऱ्या पावलाला कलले. कागदावर गोल गोल वळणं काढायला सांगितली, ती कोंबडीने उकरल्यासारखी उमटली. डोक्याचा फोटो काढला, रक्त घेतलं. निकाल घ्यायला दोघं पुन्हा गेली तेव्हा इंद्रायणी मॅडमनी खुर्ची ओढून आप्पांच्या समोर मांडली.

“आजोबा, तुमच्या मुलीत आहे तोच बदल तुमच्यात आहे. तुमचा हात त्याच्यामुळे थरथरतो. दारूमुळे नाही.”

“परत सांगा.”

“दारूमुळे नाही.”

“हिच्या आईला फोन लावा,” आप्पा म्हणाले, “आन् ह्येच तिला सांगा.”

मॅडमनी खरंच फोन लावला. आवाज मोठा ठेवून छबूबाईला सगळं सांगितलं. मग छबूबाईने विचारलं, “जेवल्यात का ते?”

परतीच्या वाटेवर आप्पा लहान मुलासारखे खुशीत होते. घाटातल्या कुणाकुणाला काय सांगायचं याचे बेत करत होते. वर्षालीने मध्येच गाडी कडेला घेतली. “आप्पा, मीपण तुमच्या तोंडाचा वास घ्यायचे,” ती म्हणाली.

“म्हाईत हाय मला,” आप्पा म्हणाले. “चल, गाडी चालव.”

थोडं पुढे गेल्यावर त्यांचा चेहरा हळूहळू बदलला.

“म्हंजी गणूला ह्ये माझ्याकडनं गेलं.”

“तुमच्या हातात काय होतं त्यात?”

“आन् अपेक्षीला?”

“तिच्याकडेही गेलंच आहे. आता शंका उरली नाही.”

“मारुंजीला घे गाडी,” आप्पा म्हणाले.

“ती दार उघडणार नाही.”

“तुला न्हाई उघडायची. मला उघडंल.”

वर्षाली खाली गाडीतच बसून राहिली. आप्पा कठड्याला धरत धरत जिना चढून गेले. वर काय बोलणं झालं ते तिला कधीच नीट कळलं नाही. ते परत आले तेव्हा ज्ञानेश त्यांना हाताला धरून खाली आणत होता. त्याने वर्षालीकडे बघून नुसती मान हलवली.

“सांगितलं,” आप्पा गाडीत बसल्यावर म्हणाले. “माझ्याकडनं आलंय, ताईकडनं न्हाई, म्हनलं. जे काय बोलायचं ते मला बोल.”

“मग?”

“बोलली की. लई बोलली.” त्यांनी डोळे पुसले. “बोलू दे.”

यामुळे सगळं सुरळीत झालं असं काही नाही. पुढच्या जत्रेत आप्पा घाटात गेले आणि भेटेल त्याला आपला आजार सांगत सुटले. लोकांनी माना डोलवल्या आणि त्यांची पाठ वळल्यावर म्हणाले, “पिऊन पिऊन मेंदूवर जातंच की ओ.” घड्याळ दुसऱ्याच्या हातात होतं ते तिथेच राहिलं. जयदीपने विषय पुन्हा काढला नाही. शालनबाई, सात पिढ्यांचं, वर्षालीच्या तोंडावर म्हणायच्या थांबल्या, एवढंच. पिंपरीतल्या एका छोट्या शाळेने गणराजला घेतलं. पहिल्या आठवड्यात तिथेही तो चावला, पण तिथल्या बाईंनी फोन करून बोलावून घेतलं नाही. घ्यायला गेल्यावर सांगितलं आणि त्याला आधी कशाने बरं वाटतं ते विचारलं. वर्षाली त्यांच्याशी इतका वेळ बोलत राहिली की शिपाई कुलूप घेऊन येऊन उभा राहिला.

अपेक्षाने आयव्हीएफ पुढे ढकललं, हे वर्षालीला आईकडून कळलं. मग एका सकाळी अपेक्षाचाच मेसेज आला. ख्यालीखुशाली नाही, काही नाही. इंद्रायणी मॅडमची वेळ मिळाली आहे, एवढंच, आणि तारीख.

वर्षाली रजा टाकून गेली. बोलावलं आहे की नुसतं कळवलं आहे, हेही तिला नक्की ठाऊक नव्हतं. दवाखान्याच्या बोळात बाकं निम्मी भरलेली होती. ज्ञानेश नंबर लावायला गेला होता. अपेक्षा तिच्याशेजारी एक जागा सोडून बसली.

“माझा राग गेलेला नाही,” ती समोर बघत म्हणाली.

“असू दे.”

“सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. ज्ञानेश म्हणतो तो सांगेल. तो कसला सांगतोय!” तिने आतल्या दाराकडे बघितलं. “आत काय विचारतात?”

“आधी घरच्या माणसांची माहिती घेतात. मग चित्रं काढून समजावतात.”

“मला चित्रं नकोत. सरळ सांगतील का?”

“तसं म्हण त्यांना. सांगतील.”

आतून अपेक्षाचं नाव पुकारलं. ज्ञानेश धावत आला. दोघं दारापर्यंत गेली आणि अपेक्षा थांबली. तिने मागे वळून बघितलं, कपाळाला आठ्या तशाच.

“बसलीस काय? तू पण चल. मला काही कळलं नाही तर याला तर मुळीच कळणार नाही.”

वर्षालीने पर्स उचलली आणि ती त्यांच्यामागून आत गेली.